नाइट ड्युटी आणि सकाळचं पोस्टिंग

प्रश्न : ताई, मी 19 वर्षांची आहे. बारावी आर्ट्सनंतर यंदा परळच्या बाजूला जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. घर भांडुपला, रोज लोकलने जा-ये करते. बाबांची स्वतःची रिक्षा आहे, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती चार महिने उभी राहणार. आईच्या शिवणकामावर घर चाललंय. घरच्या पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या एका ब्युरोने मुलुंडला एका आजींची नाइट ड्युटी देऊ केली आहे. रात्री 8 ते सकाळी 8, महिन्याला 26 रात्री. ते म्हणतात, ‘पेशंट झोपतो, तूही झोप. कॉलेज दिवसा आहे ना?’ आजींना इन्सुलिन लागतं, ‘तू नर्सिंगची मुलगी, ते तर देशीलच’ असंही म्हणाले. दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट आणि 3,000 रुपये डिपॉझिट मागितलं आहे. घेऊ का? नाहीतर शिकताशिकता असं काम कुठे मिळेल?
– एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : ही नाइट घेऊ नकोस. काम जरूर कर, पण हे नको.

आधी तासांचा हिशेब मांडू. बारा तासांच्या सहा रात्री म्हणजे आठवड्याला 72 तास. वर्ग आणि पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमधली शिकाऊ ड्युटी, धरून नर्सिंग स्कूलचे साधारण 48. झाले 120. आठवड्याचे एकूण तास 168, म्हणजे तुझ्या वाट्याला उरले 48, दिवसाला सातसुद्धा नाहीत. त्यातच लोकल, आंघोळ, जेवण, जर्नल लिहिणं, पाठ करणं आणि झोप. असे दोन आठवडे माणूस काढतो. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डमध्ये उभ्याउभ्या डोळा लागतो आणि तेव्हा हातात कुणाची तरी औषधाची ट्रॉली असते.

‘पेशंट झोपतो’ हे जवळजवळ प्रत्येक ब्युरो सांगतो. पेशंट शांत झोपत असता तर घरच्यांनी रात्रीचं माणूस ठेवलंच नसतं. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. काही जणांना रात्रीच भ्रम होतो, उठून दार उघडायला जातात. तुझा डोळा लागला आणि आजी एकट्या बाथरूमकडे निघाल्या, तर ओल्या लादीवर पाय सटकायला एक क्षण पुरतो. खुब्याचं हाड मोडलं की त्या वयात माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची खात्री नसते. त्या घरात मग ‘पोरगी झोपली होती’ एवढंच लक्षात राहतं.

शिवाय सकाळचे आठ. ड्युटी 8 ला संपते हे कागदावर. प्रत्यक्षात दिवसाची मावशी येईपर्यंत पेशंटला सोडून निघता येत नाही, आणि रिलीव्हर उशिरा येणं हे या कामात नेहमीचंच. तुझं पोस्टिंग सकाळी त्याच वेळेला सुरू होतं, आणि मुलुंडहून परळ गाठायचं म्हणजे पाऊण-एक तास वेगळा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ठरावीक टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्र हातात पडण्याआधी क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे, तास शंभर टक्के भरावे लागतात. परीक्षेपुरती हजेरी भरली की मुली निर्धास्त होतात, पण बुडालेले क्लिनिकल तास माफ होत नाहीत, शेवटी भरूनच द्यावे लागतात. बरोबरीच्या मुली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करून स्टाफ नर्सचा पगार घ्यायला लागतात आणि आपण जुन्या ड्युट्या भरत बसतो. आज नाइटचे जे पैसे मिळतील, ते तिथे सव्याज जातात.

आता इन्सुलिन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुली इथेच फसतात. पोस्टिंगमध्ये तू इंजेक्शन देशील तेव्हा शेजारी ट्यूटर किंवा सिस्टर उभी असेल आणि जबाबदारी तिची असेल. आजींच्या घरी तुझ्याजवळ कुणीच नसेल. नोंदणी होईपर्यंत तू विद्यार्थिनी आहेस, नर्स नाहीस, आणि ब्युरोने ‘सिस्टर पाठवतो’ असं घरच्यांना सांगितलं असेल तरी त्याने हे बदलत नाही.

चूक होते कशी, तेही समजून घे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या दर मिलीला 40 युनिटच्या असतात, काही 100 युनिटच्या. सिरिंजही दोन : लाल टोपणाची 40 ची, नारिंगी टोपणाची 100 ची. 100 च्या कुपीतलं औषध 40 च्या सिरिंजमध्ये ‘20’ च्या रेघेपर्यंत भरलं, तर 20 च्या जागी 50 युनिट जातात. उलट झालं तर 20 च्या जागी 8. मेडिकलवाल्याने घाईत दुसरी सिरिंज दिली, घरात कुणी टोपणाचा रंग पाहिला नाही, एवढ्याने हे घडतं. त्यात रात्री आजींनी ‘भूक नाही’ म्हणून अर्धीच पोळी खाल्ली असेल, तर पहाटे साखर उतरते आणि आपल्याला वाटतं त्या गाढ झोपल्यात.

इन्सुलिन घरच्यांनी द्यावं, डॉक्टरांनी त्यांना शिकवलेलंच असतं. तू ग्लुकोमीटरचा आकडा दाखव, किती खाल्लं ते सांग. घाम फुटला, हात थरथरले, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर आधी साखर तपास आणि घरच्यांना उठव. आकडा 70 च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीत, गिळू शकणारा असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाज आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. 108 ला फोन.

हीच रेघ सगळीकडे ठेव. इंजेक्शन, सलाईन लावणं-काढणं, लघवीची नळी घालणं, ऑक्सिजन वाढवणं, पाकिटातून गोळ्या काढून आपल्या मनाने देणं, यातलं काहीही सहायकाचं नाही. घरच्यांनी वेळेप्रमाणे काढून ठेवलेली गोळी आठवण करून समोर घ्यायला लावणं, इथपर्यंत ठीक. छोट्या नर्सिंग होममध्ये तर ‘तू शिकतेसच ना, लाव सलाईन’ असं अगदी प्रेमाने म्हणतात. तिथेही नाहीच म्हणायचं.

मार्कशीटचं उत्तर एका शब्दात : नाही. ओरिजिनल कागद कुणाकडेही ठेवायचा नसतो. काम सोडायची वेळ आली की तोच कागद अडकवून ठेवतात, आणि तुला तर परीक्षेच्या आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी तो कधीही लागेल. सही केलेली झेरॉक्स द्यायची, तिच्यावर ‘फक्त नोकरीसाठी’ आणि तारीख लिहायची. डिपॉझिटही नाही. काम देणाऱ्याने पैसे द्यायचे असतात, घ्यायचे नसतात. सरळ ब्युरो घरच्यांकडून घेतलेल्या पैशातून आपलं कमिशन कापतो. तेव्हा घरचे दिवसाला किती देतात, त्यातले आपल्या हातात किती येणार, पगार कोणत्या तारखेला आणि बँकेत की रोख, हे चार प्रश्न आधी विचारायचे आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं. पहिला महिना ‘मागे ठेवतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचे 0.75 टक्के कापतो म्हणाले, तर यूएएन (पीएफचा खाते क्रमांक) आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर माग. नंबर देत नसतील तर ती कपात तुझ्या नावावर जमा होत नाहीये.

आणि हो, ‘सहा महिन्यांचं नर्सिंग सर्टिफिकेट करून घे, काम लगेच लागेल’ असंही कुणीतरी सांगेल. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा कोर्स खरा असतो, पण तो सहायकाचा आहे. त्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. तू जीएनएमला आहेस. फंडामेंटल्सच्या तासाला तेच सगळं आणि त्याहून जास्त शिकशील. त्यावर वेगळे पैसे घालू नकोस.

मग काम कुठलं? रविवारची डे ड्युटी. रविवारी प्रत्येक मावशीला सुट्टी हवी असते, त्यामुळे खात्रीने रविवारी येणारा माणूस इनचार्ज सिस्टरला सोन्यासारखा वाटतो. तसाच मोका गणपतीचा. कोकणातल्या मावशी आणि वॉर्डातले मामा गावी जातात आणि आठ-दहा दिवस नर्सिंग होममध्ये हातांची टंचाई असते. गणपतीच्या महिनाभर आधी विचारून ठेवलंस तर तुझ्या सुट्टीचे दिवस नक्की भरतील. तेच दिवाळीत, तेच मे महिन्यात. डायलिसिस सेंटरचं काम चांगलं शिकवणारं असतं, पण पेशंट आठवड्यात तीनदा, सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनि असे येतात आणि बऱ्याच ठिकाणी रविवार बंद. ते मोठ्या सुट्टीसाठी ठेव.

मोठ्या खासगी हॉस्पिटलात सहायक बहुतेक कंत्राटदारामार्फत घेतात आणि त्यांना महिनाभराचं माणूस लागतं. तुझ्यासाठी भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपरची 10-20 खाटांची नर्सिंग होम बरी. घरापासून रिक्षाने किंवा दोन-तीन स्टेशनांत पोहोचता आलं पाहिजे. रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेवूनच जागा निवड.

घरच्या पेशंटपेक्षा नर्सिंग होम बरं म्हणते याचं कारण एकच : वर सिस्टर असते. चुकलं तर लगेच कळतं, अडलं तर विचारता येतं.

जायचं केव्हा, हेही महत्त्वाचं. सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 या वेळा हँडओव्हरच्या, तेव्हा कुणी नजर वर करत नाही. दहाच्या सुमाराला राउंड असतो. साडेअकरा ते साडेबारा किंवा दुपारी साडेतीननंतर जा. रिसेप्शनला ‘व्हेकन्सी आहे का’ विचारू नकोस, तिथून ‘नाही’च येतं. मेट्रन किंवा इनचार्ज सिस्टरला भेटायचंय असं सांग आणि तिला चार वाक्यांत सांग : ‘सिस्टर, मी जीएनएम पहिल्या वर्षाला आहे. दर रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये डे ड्युटीला येऊ शकते. स्पंज, बेड बनवणं, पोझिशन, बेडपॅन, इनटेक-आउटपुटची (पाणी किती प्यायलं, लघवी किती झाली याची) नोंद करीन. इंजेक्शन आणि सलाईन करणार नाही.’ शेवटचं वाक्य ऐकून काही जणी नाही म्हणतील. ज्या सिस्टरला ते वाक्य आवडेल, तिच्या हाताखाली काम कर. जे अजून शाळेत शिकवलं नसेल ते ‘येतं’ म्हणून सांगू नकोस. बरोबर आधार, मार्कशीट आणि प्रवेशपत्राच्या झेरॉक्स, दोन फोटो, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि लसीचं कार्ड असू दे.

शाळेला मात्र आधी विचार. काही नर्सिंग स्कूलमध्ये शिकताना नोकरी करायला मनाई असते. प्राचार्यांना साधा अर्ज दे, रविवार आणि सुट्टीपुरतंच असं स्पष्ट लिही, आणि परवानगी लेखी घे. लपवून केलेलं काम बाहेर पडतंच, कारण मुंबईत सिस्टर लोकांचं जग फार लहान आहे.

लसीचं म्हटलं ते कागदापुरतं नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर ही रक्ततपासणी करायची, आकडा 10 किंवा जास्त आला की संरक्षण आहे. बहुतेक मुली दुसऱ्या डोसनंतर विसरतात. सहायकाला सुई टोचते ती इंजेक्शन देताना नाही, चादर गोळा करताना किंवा कचऱ्याची पिशवी दाबताना. म्हणून चादर कधी झटकायची नाही, कडा आत घेत घडी करत उचलायची, आणि पिशवी अंगाला न टेकवता गळ्याशी धरायची. तरी टोचलीच, तर जखम पिळायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच मिनिटाला सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीचं पीईपी औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. भीतीपोटी दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसणाऱ्या मुली फार असतात. तू बसू नकोस. आणि खोकणाऱ्या पेशंटजवळ एन-95 लाव. टीबी या शहरात कुठल्याही वॉर्डात भेटतो.

आता कामाच्या दोन गोष्टी जवळून. यांवरूनच सिस्टर तुला ओळखेल.

कूस बदलणं. पेशंटला काखेत धरून ओढत वर सरकवतात, तिथेच बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. ओढायचं नाही. पेशंटखाली आडवी घातलेली ड्रॉ-शीट दोन्ही बाजूंनी दोघींनी गुंडाळून घट्ट धरायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचलून सरकवायचं. कुशीवर करताना पूर्ण 90 अंशांत खुब्यावर टेकवायचं नाही. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांएवढं कलतं ठेवायचं, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटरीखाली अशी उशी की टाचा अधांतरी राहतील. मग हात चादरीवरून फिरव. बिस्किटाचा चुरा, चादरीची चुणी, सुईचं टोपण, ऑक्सिमीटरची वायर, पाठीखाली काय वाट्टेल ते सापडतं. माकडहाड, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू बघ. लाल दिसलं तर बोटाने दाब. सोडल्यावर लाली तशीच राहिली तर लगेच सांग. ती जागा चोळायची नाही, पावडरही थापायची नाही.

दुसरी, लघवीची पिशवी. ती मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना मावशी ती पेशंटच्या मांडीवर ठेवतात. लघवी नळीतून उलटी वर जाते आणि जंतुसंसर्ग होतो. दोन तृतीयांश भरली की मापाच्या भांड्यात रिकामी करायची, तोटीचं टोक भांड्याला लागू द्यायचं नाही. पिशवीवरच्या रेघांवरून मोजायचं नाही, त्या अंदाजाच्या असतात. आणि सांगताना ‘सिस्टर, लघवी कमी वाटते’ असं नाही. ‘2 ते 6 मध्ये 90 मिली झाली’ असं सांग. चार तासांत 90 म्हणजे तासाला साडेबावीस. 60 किलोच्या माणसाला तासाला किमान 30 हवी. तू आकडा दिलास तर सिस्टर त्याच क्षणी डॉक्टरला फोन करू शकते.

एक धोकाही सांगते. नर्सिंग होममधल्या सवयी अंगवळणी पडतात. एकाच ग्लोव्हजवर तीन बेड उरकणं, हात धुण्याला फाटा देणं. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, कामाच्या घाईत कुणी तेवढे देत नाही. तू दे. शाळेच्या प्रॅक्टिकलला हेच मार्क कापले जातात, आणि वॉर्डात याचाच ताप पेशंटला चढतो. हा अनुभव नोंदणीसाठी मोजला जात नाही, त्यामुळे त्यातून चांगला हात मिळणार नसेल तर त्याचा उपयोग फक्त त्या दिवसाच्या पैशापुरता.

आणि पैशाचं खरं बोलायचं तर चार रविवारांतून बाबांची कमाई भरून निघणार नाही. तुझा गाडीखर्च, पुस्तकं, युनिफॉर्म निघेल. घरासाठी दुसरे दोन रस्ते आधी बघ. बाबांची रिक्षा उभी ठेवू नका. ओळखीच्या, बॅज असलेल्या ड्रायव्हरला शिफ्टवर द्या, रोजचे ठरलेले पैसे घरी येतील.

दुसरा रस्ता फीचा. 2024-25 पासून महाराष्ट्र सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून नको. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. सोमवारी शाळेच्या ऑफिसात जाऊन ‘माझा प्रवेश यात बसतो का’ एवढं विचार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढायला टाक, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते बघ. अर्ज अडकतात ते बहुधा या दोन ठिकाणी.

पुढेमागे सुट्टीत घरच्या पेशंटचं दिवसाचं काम घेतलंस, तर पहिल्या दिवशी एकटी जाऊ नकोस. घरात कोण कोण असतं ते आधी विचार, पत्ता आईला पाठव. पेशंटच्या अंगावरचे दागिने पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर बघून लिहून ठेव आणि कपाटाची चावी कधी हातात घेऊ नकोस. स्वयंपाक, लादी, भांडी हळूहळू गळ्यात पडतात, म्हणून काय करणार ते सुरुवातीलाच ठरव. कुणी अंगचटीला आलं तर तिथून बाहेर पड, 112 ला फोन कर. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरातल्या कामालाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

ब्युरोला आजच कळव. फोनवर वाद घालू नकोस, मेसेज कर : ‘कॉलेजच्या पोस्टिंगमुळे नाइट जमणार नाही. इन्सुलिन देण्याची मला परवानगी नाही, घरच्यांना तसं सांगावं.’ दुसरं वाक्य गाळू नकोस. तुझ्या जागी ते ज्या मुलीला पाठवतील, तिच्यासाठी आणि त्या आजींसाठी ते लागेल.